बांड्याचं दावं

पस्तावणारं माणूस घरात असलं की बाईमाणसाला कामं दुप्पट होतात. त्याची समजूत काढा, त्याला चार घास खायला लावा, त्याच्या वाटचं काम बी करा, आन् वरून लोक त्यालाच म्हणणार, किती कोवळ्या काळजाचा माणूस! आमचे मालक तसे कोवळ्या काळजाचे. नाव मी घेत नाय, पण पुढं आमच्या शेजारच्या गयासभाईच्या तोंडून येईलच. चाळीस वर्ष संसार केला मी. माणूस वाईट नव्हता, ह्ये आधीच सांगून ठेवते, नाय तर पुढचं ऐकून तुम्ही भलतंच समजाल.

पाचोडच्या अल्याड दोन कोसावर आमचं गाव. आमचं आन् गयासभाईचं वावर बांधाला बांध लागून. निजाम पडला त्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत गयासभाई, त्यांची बायको जाहेदा आन् त्यांचं तान्हं लेकरू, असे तिघं आठ दिवस आमच्या कडब्याच्या गंजीमागं लपून राहिले व्हते. त्या आठ दिवसांत मालकांच्या डोळ्यातून एक टिपूस आला नाय. घागर नेली, भाकरी नेल्या, दारात काठ्या घेऊन आलेल्यांना 'इथं कोन बी नाय' म्हणून वाटंला लावलं. भ्यालेले व्हते, पण हात चालू व्हते. तो माणूस मला अजून आठवतो.

गयासभाई परत घरी गेले तर गोठा रिकामा. बैल नाय, गाय नाय. एक वासरू तेवढं वड्यात चुकलेलं सापडलं, तांबड्या अंगावर पांढरे पट्टे असलेलं. तोच बांड्या. तो मोठा झाला, कामाला आला, तव्हा दोघांनी सावड केली. आमचा बी एकच बैल, कोसा नावाचा. एका बैलानं तिफन चालत नाय. म्हणून दोन दिवस जोडी आमच्या वावरात, दोन दिवस त्यांच्या. ज्याच्या वावरात जोडी, त्यानं दोन्ही बैलांचं चारापाणी बघायचं. कागद नाय, साक्षीदार नाय. सात वर्ष चाललं, एका शब्दानं वाकडं आलं नाय.

त्या साली हस्ताचा पाऊस उशिरा आला आन् एकदाच धो धो पडून गेला. रान वाफशाला आलं तसं समदं गाव शाळू पेरायला उठलं. ऊन असं लागत व्हतं की आठ दिवसाच्या आत ओल खाली जाणार, ह्ये कोनाला सांगायला नको व्हतं. चिठ्ठी टाकली, पहिली पाळी आमची आली. तिसऱ्या दिवसापासून जोडी गयासभाईच्या वावरात जायची व्हती.

दुसऱ्या दिवसाची गोष्ट. थोडं वावर राहिलं व्हतं. मी दुपारच्याला भाकरी घेऊन गेले. मालक लिंबाखाली पाय पसरून पडले व्हते. कोसा त्यांच्याजवळ, म्होरं कडब्याची पेंढी. बांड्या तिथं नव्हता. तो लांब बांधाला, बाभळीच्या बुडाला बांधलेला. मी भाकर सोडली, कांदा फोडला. मालक म्हणले, "बांधाला गवत लई हाय, म्हणून त्याला तिकडं बांधला." मी काय बोलले नाय.

आता बांधाला गवत व्हतं, ह्ये खरं. पण त्या साली आमची गंजी लहान व्हती, ह्ये बी खरं. मपला बैल कडब्यावर आन् दुसऱ्याचा बांधावर. समजलं का? इतकुसंच. पाप म्हणावं तर लाज वाटावी इतकुसं.

बांधाच्या पलीकडं चार पावलावर आमचं गेल्या सालचं खळं. मळणीच्या वक्ताला दाणे सांडतात, ते पावसानं उगवून आलेले. वीतभर पोंगी, हिरवीगार. कोवळी जवारी जनावराला विष असती. किराळ लागली म्हणतात आमच्याकडं. पोट फुगतं, तोंडाला फेस येतो, घटकाभरात जनावर आडवं. शेण उचलणाऱ्या पोरीला बी ठावं असतं ह्ये. मालकांना ठावं नव्हतं का? व्हतं. पण त्यांच्या नजरेत बांड्याचं जुनं दावं व्हतं. त्या बाभळीला आधी बी धा वेळा बांधलेला त्यांनी, दावं खळ्यापस्तोर पोचत नव्हतं. पोळ्याला गयासभाईनं बांड्याला नवं दावं केलं. अंबाडी स्वतः भिजवायचे, स्वतः वळायचे, गावात त्यांच्यासारखं दावं वळणारं कोन नव्हतं. ह्या वेळी त्यांनी ते दोन हात लांब वळलं, बैलाला हौदावर वाकायला बरं पडावं म्हणून. मालकांच्या ध्यानातच आलं नाय.

जेवण झालं, पाणी पिलो, मालक बैल जुंपायला गेले. आन् तिथून जी हाक आली!

मी पळत गेले. बांड्या उभा व्हता, पण चारी पाय फाकवून. नाकपुड्या मोठ्या झालेल्या. मान अशी वर करून हवा ओढत व्हता. तोंडातून फेस आन् फेसात हिरवं. माझ्या डोळ्यादेखत म्होरचे गुडघे टेकले त्यानं.

"गूळ," मी म्हणलं. "गुळाचं पाणी पाजा. पळा!"

मालक पळाले नाय. मालक खाली बसले. दोन्ही हातानं कपाळ बडवायला लागले. "म्या घात केला. म्या घात केला गं. कोन्या तोंडानं सांगू गयासला? कामून बांधला म्या हितं, कामून बांधला!"

"ते मागून! आधी गूळ!"

"म्या मारला त्याला..."

"आवो, जित्ता हाय तो अजून!"

ऐकतंय कोन? बैल जित्ता व्हता आन् मालक पस्तावत बसले व्हते. मी नेसूचा पदर खोचला आन् गावाकडं पळाले. अर्धा कोस. ढेकळातून, अनवाणी. घरी शिंक्यात गुळाचा खडा व्हता, आख्ख्या दिवाळीचा. तो फडक्यात बांधला, तांब्या घेतला, वाटंत गयासभाई दिसले त्यांना हाक मारली, बांबूची नळी घेऊन ते माझ्याम्होरं पळाले. आम्ही पोचलो तव्हा बांड्या आडवा व्हता. डोळा उघडा. गयासभाईनं त्याचं तोंड मांडीवर घेतलं, नळी घातली, मी पाणी ओतलं. आत गेलं नाय. कडेनं समदं बाहेर आलं आन् गयासभाईचं धोतर चिकट झालं.

गावातला कडूबा जनावराची औषधं करायचा. तो मागून आला, त्यानं बैलाची पापणी उलटून बघितली. "जरा आधी गूळ गेला असता तर," एवढंच म्हणला. वाचला असता का? कोनाला ठावं. पण मालक पळाले असते तर माझ्या निम्म्या वेळात आले असते.

गयासभाईनं इचारलं, "सांडू, झालं कसं?"

मालक रडत रडत म्हणले, "दावं तोडून गेला रे. माझा डोळा लागला आन् ह्यो दावं तोडून खळ्यावर गेला."

मी बाभळीकडं बघितलं. अर्धं दावं बुडाला व्हतं, अर्धं बांड्याच्या गळ्यात. मी गावाकडं पळाले तव्हा ते एकच व्हतं. आन् मालकांचा विळा, जो सकाळपासून तिफनीला लटकवलेला व्हता, तो बाभळीखाली पडला व्हता. म्हणजे गूळ आणायला पाय उठले नाय, पण विळा आणायला उठले. मला तव्हा जे वाटलं ते सांगायला मराठीत शबुद नाय. मी विळा उचलला आन् पाटीत टाकला. झाकलं मी बी.

दुसऱ्या दिवशी बैल गावाबाहेर नेला. त्या दिवशी जोडी गयासभाईच्या वावरात जायची व्हती.

मग सुरू झाला आमच्या मालकांचा पस्तावा. सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी गयासभाईच्या दारात. जोत्यावर बसायचं, गुडघ्यात मान घालायची आन् रडायचं. "माझ्यामुळं झालं रे गयास. मी झोपलो नसतो तर." झोपले व्हते म्हणे! खोट्याचाच पस्तावा करत व्हते, खरं पोटात ठेवून. गयासभाई शेजारी बसायचे, पाठीवरून हात फिरवायचे. "जाने दे रे सांडू. जनावराची जात. त्याची येळ आली व्हती." आतून जाहेदा चहा आणायची. त्यांच्या घरी बी गुळाचा एकच खडा राहिलेला, तो तिनं तीन दिवसात आमच्या मालकांच्या चहात संपवला. तिच्या लेकरांना चौथ्या दिवशी कोरा काढा दिला तिनं, मीठ टाकून. मी डोळ्यानं बघितलं. 

गावात काय, बोलबाला. "सांडूनं अन्न सोडलंय. दुसऱ्याच्या बैलासाठी कोन इतकं करतं?" बाया मला नळावर, म्हणजे तव्हा आडावर, थांबवून सांगायच्या, "आवडाबाई, तुझा नवरा देवमाणूस." मी घागर उचलायचे आन् चालू लागायचे.

मी रोज गयासभाईच्या वावरात जायचे. बोट खुपसून ओल बघायचे. पहिल्या दिवशी एका पेरावर लागली. दुसऱ्या दिवशी दोन पेरं. तिसऱ्या दिवशी आख्खं बोट आत गेलं तव्हा कुठं थंड लागलं, आन् वरच्या अंगाला, मुरमाड पट्ट्यात, तेवढं बी नाय. शेजारी आमचं वावर, थोडं सोडलं तर पेरलेलं, तिफनीच्या रेघा सरळ. बांड्यानं ओढलेल्या.

तिसऱ्या सांजंला मालक जेवणावरून उठले. भाकर तशीच.

"बसा," मी म्हणलं.

"घास उतरत नाय गं."

"नका उतरू देऊ. पण उद्या कोसा घेऊन जा आन् त्यांचं वावर पेरून द्या."

"एका बैलानं?"

"दुसरा कोनाचा तरी मागा. गावात धा घरी बैल हायेत."

"समद्यांची पेरणी चालू हाय. कोन देईन? आन् कोन्या तोंडानं मागू? लोक म्हणतील, एक मारला, आता दुसरा मागाया आला."

"म्हणू द्या."

"तुला काळीज नाय, आवडे," मालक म्हणले आन् परत डोळ्याला उपरणं लावलं. "माझ्या जिवाला काय वाटतंय ते तुला नाय कळायचं."

"जिवाला काय वाटतंय त्यानं शाळू उगवत नाय!" मी अशी वरडले की कोसा गोठ्यात उठून उभा राहिला. "तीन दिवस झाले. त्यांचा बैल गेला, तुमची समजूत बी तेच काढतात, चहा बी तेच पाजतात. विळा कुठं व्हता ते मला इचारता का? इचारा ना!"

 मालक भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मी त्यांची भाकर फडक्यात बांधली, सकाळच्या वाटंसाठी.

पाचोडच्या पल्याड माझं माहेर. चार कोस. उजाडायला निघाले, ऊन तापायच्या आत पोचले. भाऊ बद्रीनाथ खुरप्याला धार लावत व्हता. मी समदं सांगितलं, विळ्याचं सोडून. तो मान हालवत राहिला. "आक्का, माझी जोडी पेरणीवर हाय. म्हातारा बैल हाय तेवढा. डाव्या डोळ्यानं आंधळा. चालला तर चालला." आतून भावजय म्हणली, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "आता दिवाळीला वोवाळणीचं कोनी काय बोलू नका म्हणावं." मी म्हणलं, "नाय बोलणार, वहिनी. बैल हीच वोवाळणी." पाणी सुद्धा पिले नाय मी, घसा कोरडा पडला व्हता तरी. इतका राग बरा नव्हता, वाटंत लई तहान लागली.

आंधळा बैल घेऊन चार कोस परत यायचं म्हणजे काय, ते मपल्या पायांना इचारा. डाव्या अंगानं गाडी आली की बुजायचा आन् मला ओढत बाभळीत न्यायचा. पाचोडचा आठवडी बाजार भरलेला. ओळखीची माणसं बघत व्हती, बाईमाणूस एकटं बैल ओढत चाललंय. एक जण म्हणला, "सांडूची बायको दिसती. म्हातारा बैल इकाया आली का घ्याया?" दोघं-तिघं हसले. मी मान खाली घालून निघाले. तळपायाला फोड आला व्हता, तो बाजारातच फुटला.

पाचव्या दिवशी सकाळी मी कोसा आन् म्हातारा दोन्ही गयासभाईच्या दारात नेऊन उभे केले. मालक माझ्या मागं, खाली मान घालून. गयासभाई बाहेर आले, बैलाकडं बघितलं, माझ्या पायाकडं बघितलं. आत हाक मारली, "जाहेदा, बी निकाल."

तिफन गयासभाईनं धरली. जाहेदानं बी सोडायला चाड्यावर मूठ धरली. म्हातारा सरळ चालंना, डावीकडं वढायचा. तव्हा मालकांनी त्याची वेसण धरून म्होरं चालायचं ठरलं, बैलाचा डोळा म्हणून. तिफनीची दोन तासं गेली, म्हणजे दोन रेघा झाल्या. तिसऱ्या तासाला मालक थांबले.

"गयास, मला एक सांगायचंय."

"तास पुरं होऊ दे."

तास बांधाला जाऊन टेकलं. मालकांनी वेसण सोडली. "दावं तुटलं नव्हतं. म्या बांड्याला बांधावर चारायला बांधला, कडबा वाचावा म्हणून. दावं लांब हाय ह्ये ध्यानात आलं नाय. मागून म्या ते कापलं. विळ्यानं."

"ठावं हाय," गयासभाई म्हणले.

त्यांनी तिफन टेकवली.

"दावं मी वळलंय, सांडू. तुटलं तर एकेक पदर वेगवेगळ्या जाग्यावर तुटतो, कुसळं निघतात. ते सपाट व्हतं. त्याच सांजंला बघितलं मी."

"मग बोलला कामून नाय?"

गयासभाईनं डोक्याचं मुंडासं काढलं, तोंड पुसलं. आवाज चढवला नाय. चढवला असता तर बरं झालं असतं. "बोललो असतो तर तू अजून रडला असतास. बैल माझा मेला आन् तीन दिवस मी तुलाच गप करत बसलो. तू आलास की जाहेदानं चूल पेटवायची. मला वाटायचं, आज हा येईल आन् म्हणंल, गयास, चल, कोसा घेऊन आलोय. तू रोज फक्त डोळ्याचं पाणी घेऊन आलास. इकडं रानातली ओल चालली व्हती."

"मला माफ कर रे."

"केलं. वेसण धर."

मालकांनी वेसण धरली. पण गप बसले तर ते मालक कसले? पुढच्या तासाच्या टोकाला परत, "गयास, मनापासून माफ केलंस ना?" आन् त्याच्या पुढच्या टोकाला परत. चौथ्या वेळी जाहेदा, जी आमच्या मालकांसंगं सात वर्षात पदर पुढं घेतल्याशिवाय बोलली नव्हती, ती चाड्यावरची मूठ न सोडता म्हणली, "सांडूभाई, दर तासाला इचाराल तर सांज होईल."

खालचं निम्मं वावर वड्याच्या अंगाचं, काळं, ते पेरून झालं. वरच्या निम्म्यात तिफन शिरली तशी धूळ उडायला लागली. गयासभाई थांबले. खाली बसून ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं. मूठ उघडली तर बोटामधून माती गळून गेली. अजून एकदा उचललं, दाबलं. मग हात धोतराला पुसले. "बस," म्हणले. "बी वाया घालू नका." चाड्यातलं बी जाहेदानं पदरात काढून घेतलं. बांड्या गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी हीच जोडी आली असती तर वरचं बी उगवलं असतं. ह्ये तिथं उभं राहिलेल्या चौघांना बी ठावं व्हतं. मालकांनी तोंड उघडलं, गयासभाईनं नुसता हात वर केला, आन् मालकांनी तोंड मिटलं.

निम्म्या वावरात पाच जणांचं पोट निघत नाय. निघालं नाय. शाळू कापून झाला, मळणी झाली, आन् फाल्गुनात गयासभाई शहरात जाऊन आले. औरंगाबादला गिरणीत त्यांचा चुलतभाऊ व्हता, त्यानं काम बघितलं. वावर त्यांनी कडूबाला बटाईनं दिलं. बांधाला बांध आमचा, पण दिलं कडूबाला. आम्हाला इचारलं बी नाय, आन् गावात कोनी त्याबद्दल बोललं बी नाय. मालक मात्र गाडी निघाली त्या दिवशी वेशीपस्तोर रडत गेले. पुढं दर पोळ्याला उपास धरायचे, बांड्याच्या नावानं. मरेपस्तोर धरला. गावात त्याचं बी कौतुक झालं. त्या उपासाच्या दिवशी सकाळी त्यांच्यासाठी साबुदाणा मीच भिजवायचे, आन् मनातल्या मनात शिव्या घालायचे.

पण एक मागं ठेवलंय मी. ते सांगते आन् मोकळी होते, होता आलं तर.

गाडी निघायच्या दिवशी दुपारी मी जाहेदाकडं गेले. घर रिकामं झालेलं. मधोमध ती जात्यावर बसली व्हती, शहरात गेल्या गेल्या पीठ कुठून आणायचं म्हणून खालच्या वावरातली जवारी दळत व्हती. मी उंबऱ्यात उभी राहिले.

"जाहेदा," मी म्हणलं, "त्या दिवशी भाकर घेऊन आले तव्हा मी बघितलं व्हतं. बांधावरून चालत आले मी. बांड्याचं तोंड खळ्यावर व्हतं. तोंडात हिरवं व्हतं. गवत का जवारी, ते वाकून बघितलं नाय मी. मला वाटलं, खाऊ दे, तेवढीच एक पेंढी वाचली."

जातं फिरत व्हतं.

"दोन पावलं व्हती गं. नुसतं हाड म्हणलं असतं तरी बाजूला झाला असता तो."

काय काय बोलले मी. मालकांना घालून पाडून बोलत राहिले ते मपलं झाकायला, ह्ये बी बोलले. चार कोस उन्हात बैल ओढत आणला तर गाव म्हणलं, काय खंबीर बाई हाय. खंबीर कशाची! त्या बैलाच्या तोंडातलं हिरवं रातंदिस डोळ्याम्होरं व्हतं, म्हणून घरात बसवत नव्हतं. मालक बसून रडले, मी चालत सुटले, एवढाच फरक. आन् त्या फरकानं निम्मं वावर पेरलं गेलं. निम्मंच. पहिल्याच दिवशी निघाले असते तर? ह्यो इचार मला अजून सोडत नाय, आन् त्याचा उपेग काय, ते बी मला अजून कळालेलं नाय.

माझे डोळे भरून आले. आन् तेवढ्यात जातं थांबलं.

जाहेदानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता तोंडावर. दमलेली दिसली, लई दमलेली. म्हणली, "आवडाबाई, आता तू बी नको रडू. मला तुझी समजूत काढाया येळ नाय. सांजंला गाडी येणार हाय आन् अजून अर्धी पाटी दळायचीय."

मी डोळ्यातलं पाणी तसंच मागं गिळलं. आत गेले, तिच्या म्होरं मांडी घालून बसले आन् खुंट्याला हात लावला. तिनं मूठभर जवारी आत सोडली. मी ओढलं, तिनं ओढलं. पाटी रिकामी होईस्तवर दोघींनी दळलं.

दळण झालं तसं तिनं पीठ भरलं, पदरानं जातं पुसलं. जातं जड, गाडीत जागा नव्हती. "तुझ्याकडं ठेव," म्हणली. "आले तर नेईन."

आली नाय ती.